सांध्यावरचा अधिकारी : भूदलाला मिळणारे निकट हवाई साहाय्य आणि बंगळुरूची विमाने

भारताच्या लष्करी इतिहासाचे लेखन मुख्यत्वे सेनापती, वैमानिक आणि लढाया यांच्याभोवती फिरत आले आहे. भूदलाने एखादे ठाणे कसे राखले याचे वर्णन त्यात सापडते आणि हवाई दलाने शत्रूचे किती रणगाडे उद्ध्वस्त केले याचीही नोंद सापडते. मात्र या दोन घटनांना जोडणारा जो अधिकारी असतो, त्याचा उल्लेख सहसा एखाद्या वाक्यापुरताच येतो. आकाशातील वैमानिकाला जमिनीवरचे लक्ष्य दाखविणे, आपले सैन्य नेमके कोठे आहे हे सांगणे आणि वेळ पडल्यास मारा थांबविणे, ही त्याची कामे. सैनिकी परिभाषेत त्याला 'फॉरवर्ड एअर कंट्रोलर' म्हणतात. मराठीत त्यास अग्रवर्ती हवाई नियंत्रक म्हणता येईल. हा अधिकारी दोन दलांच्या सांध्यावर उभा असतो, आणि सांध्यावर असल्यामुळेच तो दोन्हीकडच्या इतिहासातून निसटतो.

या अधिकाऱ्याच्या कार्याचा मागोवा बंगळुरूच्या संदर्भात घेणे अनेक दृष्टींनी उपयुक्त ठरते. या शहराला सीमा नाही, येथे या प्रकारची लढाईही झाली नाही. तथापि लक्ष्य शोधणारे विमान आणि त्या लक्ष्यावर मारा करणारे विमान, ही दोन्ही या शहरात घडली. हवाई दलाच्या प्रशिक्षण कमांडचे मुख्यालयही येथेच आहे. यंत्रांच्या निर्मितीचा हा इतिहास ती यंत्रे वापरणाऱ्या माणसांच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिला, तर एक विसंगती ध्यानात येते. यंत्रांची परंपरा अखंड चालत राहिली. माणसाच्या कौशल्याची परंपरा मात्र प्रत्येक युद्धानंतर खंडित झाली आणि पुढील युद्धात नव्याने उभारावी लागली.

१. कार्याचे स्वरूप

वेगवान लढाऊ विमानातील वैमानिकाला जमिनीवरचे दृश्य काही सेकंदच दिसते. तेवढ्या वेळात झुडपाआड लपविलेला रणगाडा, आपल्या पायदळाचे खंदक आणि शत्रूचे खंदक यांतील भेद त्याने एकट्याने ओळखावा, ही अपेक्षा अवाजवी होय. म्हणून नियंत्रक मोठ्या खुणेकडून लहान खुणेकडे त्याची नजर नेतो. आधी रस्ता, मग रस्त्याचे वळण, वळणापासून ठरावीक अंतरावरचा उंचवटा आणि त्या उंचवट्याच्या पायथ्याशी असलेले लक्ष्य. गरज भासल्यास धुराचा गोळा टाकून तो ती जागा दर्शवितो. माऱ्याची दिशा शक्यतो आपल्या आघाडीला समांतर ठेविली जाते; कारण गोळा किंवा बॉम्ब थोडा अलीकडे वा पलीकडे पडला तरी तो आपल्या सैनिकांवर पडू नये. नियंत्रकाची खात्री नसेल, तर मारा रद्द करण्याचा शब्द त्यालाच उच्चारावा लागतो.

या कामातील चुकीची किंमत किती मोठी असते, याचे विदारक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील नॉर्मंडीच्या मोहिमेत घडले. २५ जुलै १९४४ रोजी अमेरिकेच्या बॉम्बफेकी विमानांनी आघाडीलगत टाकलेल्या बॉम्बमुळे त्यांचेच १११ सैनिक मृत्युमुखी पडले. लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअर हे त्यांतील एक होत. त्याच मोहिमेत अमेरिकी सेनानी एलवुड केसाडा यांनी आघाडीच्या रणगाड्यांत विमानांशी बोलू शकणारे बिनतारी संच बसविले आणि वैमानिकांनाच त्या रणगाड्यांत बसविले. वैमानिकाशी वैमानिकाच्या भाषेत बोलणारा माणूस जमिनीवर हवा, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे निरनिराळ्या देशांनी हे तत्त्व आपापल्या परीने स्वीकारले. अमेरिकेच्या हवाई दलात तर भूदलाबरोबर राहून हवाई मारा नियंत्रित करणे ही सैनिकांची स्वतंत्र, आयुष्यभराची शाखा बनली.

२. वायव्य सरहद्द, ब्रह्मदेश आणि काश्मीर

भारतीय हवाई दलाच्या बाबतीत विशेष लक्षणीय गोष्ट अशी, की भूदलाला साहाय्य करण्यासाठीच त्याचा आरंभ झाला. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे स्थापन झालेल्या पहिल्या तुकडीचे विहित कार्य 'भूदल-सहकार्य' हेच होते. वायव्य सरहद्दीवर वापिती विमाने घेऊन तिचे वैमानिक टेहळणी करीत. त्या काळी विमान आणि पायदळ यांच्यात बोलण्याचे साधन तुटपुंजे असल्याने जमिनीवर अंथरलेल्या कापडी पट्ट्यांच्या खुणांनी वैमानिकाला संदेश देण्यात येई.

ब्रह्मदेशाच्या मोहिमेत अरण्यामुळे प्रश्न अधिक बिकट झाला. वरून पाहिले असता सर्व टेकड्या सारख्याच दिसत. त्यामुळे बिनतारी संच घेऊन हवाई दलाचे अधिकारी आघाडीच्या पायदळाबरोबर राहू लागले आणि तेथून विमानांना लक्ष्य दाखवू लागले. भारतीय हवाई दलाच्या ७ व ८ क्रमांकांच्या तुकड्यांनी व्हेन्जन्स विमानांतून या मोहिमेत जपानी ठाण्यांवर मारा केला. याच सुमारास तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी ऑस्टर जातीच्या हलक्या विमानांतून तोफांचा मारा दुरुस्त करण्याची 'हवाई निरीक्षण चौकी', म्हणजे 'एअर ओपी', ही पद्धती रूढ झाली. १९४७ साली भारतीय तोफखान्याला स्वतःची अशी तुकडी लाभली. तोफखान्याचे विद्यालय देवळालीला असल्याने महाराष्ट्राचा या परंपरेशी जवळून संबंध आला. भूदलाच्या वैमानिकांना लढाऊ उड्डाणाचे शिक्षण देणारे विद्यालयही २००३ मध्ये नाशिक रोड येथेच सुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही आठवड्यांतच काश्मीरमध्ये या अनुभवाची कसोटी लागली. ७ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरच्या वेशीवरील शालटेंग येथे पायदळ, चिलखती गाड्या आणि विमाने यांच्या एकत्रित कारवाईने टोळीवाल्यांचा पाडाव झाला. या युद्धातील कामगिरीबद्दल महावीरचक्राचे मानकरी ठरलेल्या विंग कमांडर हृषीकेश मुळगावकर यांनी पुढे १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुखपद भूषविले.

३. बंगळुरू : घाटगे, 'कृषक' आणि 'मरुत'

बंगळुरूतील विमाननिर्मितीचा पाया सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये घातला. महायुद्धाच्या काळात या कारखान्यात प्रामुख्याने अमेरिकी विमानांची दुरुस्ती होत असे. स्वतंत्र आरेखनाची परंपरा तेथे रुजविण्याचे श्रेय डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे जाते. कोल्हापूर परिसरात १९०८ साली जन्मलेल्या घाटग्यांनी जर्मनीतील गटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचे अध्यापन सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या नेतृत्वाखाली साकारलेल्या 'एचटी-२' या प्रशिक्षण विमानाने १९५१ च्या ऑगस्टमध्ये पहिले उड्डाण केले. त्यानंतर 'पुष्पक' हे हलके विमान आले आणि 'पुष्पक'च्याच आराखड्यातून 'कृषक' विकसित झाले.

'कृषक' या नावाचा अर्थ शेतकरी. काम मात्र रणांगणावरील टेहळणीचे. १९५९ मध्ये प्रथम उडालेले हे एका इंजिनाचे विमान तोफखान्याच्या हवाई निरीक्षण तुकड्यांना ऑस्टरच्या जागी देण्यात आले. १९६५ पासून त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि एकूण सुमारे सत्तर विमाने तयार झाली. त्याचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर असल्याने खालची जमीन विनाअडथळा दिसे. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. अंगावर चिलखत नाही, शस्त्र नाही. लढाऊ विमानाच्या दृष्टीने हे सर्व दोषच. पण जमिनीकडे सावकाश पाहण्यासाठी असेच विमान लागते.

त्याच शहरात, त्याच कारखान्यात, दुसऱ्या टोकाचे विमानही आकाराला येत होते. जर्मन आरेखक कुर्ट टांक १९५६ मध्ये बंगळुरूला आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या 'एचएफ-२४ मरुत'ने १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांच्या हस्ते पहिले उड्डाण केले. पुढे १९७० मध्ये 'मरुत'च्याच चाचणी-उड्डाणात दास यांचा मृत्यू झाला. बंगळुरूतील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. अपेक्षेएवढ्या शक्तीचे इंजिन न मिळाल्याने 'मरुत' ध्वनीपेक्षा वेगवान होऊ शकले नाही. परंतु जमिनीलगत स्थिरपणे उडण्याचा गुण त्याच्यात होता आणि म्हणून त्याची योजना भूदलाला साहाय्य करण्याच्या कामी झाली. अशा रीतीने साठच्या दशकाच्या मध्यास पाहणारे विमान आणि मारणारे विमान, ही दोन्ही बंगळुरूत तयार होत होती. त्यांना जोडणारी व्यवस्था मात्र अद्याप सिद्ध झाली नव्हती.

४. छांब, १९६५

ही उणीव १ सप्टेंबर १९६५ रोजी उघड झाली. १९६२ च्या चीन-युद्धात हवाई दलाचा आक्रमक वापर करण्यातच आला नव्हता. त्यामुळे भूदल आणि हवाई दल यांनी एकत्र लढण्याचा प्रसंग येऊन बराच काळ लोटला होता. छांब क्षेत्रात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकू लागले, तेव्हा दुपारी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग यांच्या उपस्थितीत हवाई दल वापरण्यास अनुमती दिली. हा निर्णय यशवंतरावांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी निर्णयांपैकी एक गणला जातो. त्यांच्या युद्धकालीन नोंदी राम प्रधान यांनी संपादित केल्या असून त्या २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या आहेत.

अनुमती मिळाल्यावर तासा-सव्वातासातच पठाणकोटहून व्हॅम्पायर व मिस्टिअर विमाने उडाली. ही तत्परता प्रशंसनीयच होती. परंतु सूर्य मावळतीला लागला होता. खाली धूळ उठली होती. दोन्ही बाजूंचे रणगाडे एकमेकांत मिसळले होते. वैमानिकांना लक्ष्य ओळखून देणारी परिणामकारक व्यवस्था रणभूमीवर नव्हती. सेबर विमानांशी झालेल्या संघर्षात चार व्हॅम्पायर नष्ट झाली आणि विमानांच्या माऱ्यात काही भारतीय रणगाडे व वाहनेही सापडली. पाकिस्तानी आक्रमणाचा वेग त्या संध्याकाळी मंदावला, हे खरे. पण आपल्याच विमानांखाली सापडलेल्या सैनिकांच्या दृष्टीने तो दिवस वेगळा होता. निर्णय दिल्लीत वेळेवर झाला, वैमानिकांनी धैर्य दाखविले, आणि तरीही या दोहोंमधील दुव्याच्या अभावी आपल्याच सैन्याची हानी झाली.

५. लोंगेवाला, १९७१

१९६५ चा धडा मनावर घेणाऱ्यांमध्ये प्रतापचंद्र लाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९६६ ते १९६९ या काळात ते हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या व्यवस्थापकीय प्रमुखपदी होते. म्हणजेच 'कृषक' आणि 'मरुत' यांचे उत्पादन त्यांच्या देखरेखीखाली चालले होते. १९६९ मध्ये हवाई दलप्रमुख झाल्यावर देशाच्या हवाई संरक्षणाखालोखाल भूदल व नौदल यांना साहाय्य करणे हेच महत्त्वाचे कार्य, असा क्रम त्यांनी निश्चित केला. भूदलाच्या मुख्यालयांशेजारी हवाई दलाची सामरिक केंद्रे असावीत, मागणी आणि मारा यांतील अंतर कमी व्हावे, यावर त्यांनी भर दिला. विमाने तयार करणाऱ्या संस्थेचा प्रमुखच पुढे त्या विमानांच्या युद्धातील वापराचा सूत्रधार झाला, हा योगायोग बंगळुरूच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे.

या व्यवस्थेची परीक्षा जैसलमेरच्या वाळवंटात झाली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवाला ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली २३ पंजाबची एक कंपनी होती आणि तिच्यावर पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा ताफा चालून येत होता. जैसलमेरच्या तळावर विंग कमांडर एम. एस. बावा यांच्याकडे चार हंटर विमाने होती. पण रात्री लक्ष्य दिसण्याची सोय त्यांत नव्हती. ठाण्याने पहाटेपर्यंत तग धरणे एवढाच मार्ग होता.

५ डिसेंबरच्या सकाळी हंटर विमाने आली, तेव्हा आकाशात त्यांच्या आधी एक संथ विमान घिरट्या घालीत होते. ते बंगळुरूचे 'कृषक' होते आणि ते चालवीत होते हवाई निरीक्षण तुकडीचे मेजर आत्मासिंग. वाळवंटात झाड नाही, घर नाही, वळण नाही. मोठ्या खुणेकडून लहान खुणेकडे जाण्याची नेहमीची रीत तेथे फारशी चालत नाही. उपयोगी पडतात त्या चाकोऱ्या, सावल्या आणि उडणारी धूळ. संथ, उंच पंखांच्या विमानातून त्या टिपता येतात. आत्मासिंगांनी हंटर वैमानिकांना लक्ष्यांकडे नेले आणि हंटरांनी रॉकेटे व तोफांनी रणगाडे टिपले. पाकिस्तानी हवाई दलाची विमाने तेथे नसल्याने दिवसभर हा मारा चालू राहिला. आक्रमण मोडून पडले. राजस्थानच्या याच आघाडीवर १० व २२० क्रमांकांच्या तुकड्यांनी 'मरुत' विमानांतून जमिनीवरील लक्ष्यांवर मारा केला.

येथे एक बाब विशेष विचारात घ्यावयास हवी. आत्मासिंग हे हवाई दलाचे नव्हते, भूदलाचे होते; हवाई निरीक्षण तुकडीच्या वैमानिकाचे नित्याचे काम तोफांचा मारा दुरुस्त करण्याचे. त्या सकाळी त्यांनी दुसऱ्या दलाच्या विमानांना लक्ष्य दाखविले. तोफगोळ्यांची अंतरे सांगण्यात मुरलेल्या नजरेने लढाऊ विमानांना दिशा दिली. हे यश जसे व्यवस्थेचे, तसेच प्रसंगावधानाचेही होते. लोकस्मृतीत लोंगेवाला म्हटले की ठाणे आठवते, चांदपुरी आठवतात, हंटर आठवतात. 'कृषक' आणि त्याचा वैमानिक यांची आठवण क्वचितच निघते.

६. कारगिल, १९९९

'कृषक' विमाने सत्तरच्या दशकात सेवेतून गेली. त्यांचे काम हेलिकॉप्टरांकडे आले आणि त्यांपैकी 'चीता' हे फ्रेंच आराखड्यावरून बंगळुरूतच तयार होऊ लागले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूदलाचे हवाई दल तोफखान्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र शाखा बनले. तोफखान्याचा अधिकारी म्हणून सुरुवात करून निरीक्षक-वैमानिक होण्याची जुनी वाट येथून बदलली.

यानंतरचे मोठे प्रत्यंतर कारगिलमध्ये आले. भूदलाने सशस्त्र हेलिकॉप्टरांची मागणी केली, तेव्हा हवाई दलाने त्यासाठी सरकारची अनुमती आवश्यक असल्याची भूमिका घेतली. ही अनुमती मिळाल्यानंतर २६ मे १९९९ रोजी मारा सुरू झाला. हवाई दलाचे प्रमुख त्या वेळी अनिल यशवंत टिपणीस होते. २७ मे रोजी दोन मिग विमाने गमवावी लागली. २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील चारही जण वीरगतीस प्राप्त झाले. नियंत्रण रेषा ओलांडावयाची नाही, हे बंधन होतेच. शत्रूच्या खांद्यावरून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर राहावयाचे, तर उंच उडावे लागे. आणि तेवढ्या उंचीवरून कड्यावरचा दगडी मोर्चा हा एक ठिपकासुद्धा नव्हता.

यावर उत्तर सापडले ते लेसर किरणांनी दिशा मिळणाऱ्या बॉम्बमध्ये. मिराज विमानांवर लक्ष्यदर्शक संच व बॉम्ब जोडण्याच्या या तातडीच्या कामात बंगळुरू येथील हवाई दलाच्या विमान व प्रणाली चाचणी संस्थेचा सहभाग होता. १७ जून रोजी मुंथो ढालो येथील रसदकेंद्रावर आणि २४ जून रोजी टायगर हिलवर मिराजांनी यशस्वी मारा केला. ४ जुलै रोजी टायगर हिलचे शिखर पायदळाने जिंकले. जमिनीवरच्या नियंत्रकाची उणीव विमानातील यंत्राने काही अंशी भरून काढली, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

७. यंत्र आणि माणूस

कारगिलनंतरची बंगळुरूची वाटचाल याच दिशेने झाली. संरक्षण संशोधन संघटनेच्या बंगळुरू येथील प्रयोगशाळेने 'निशांत' हे वैमानिकरहित विमान विकसित केले. टेहळणी, लक्ष्य शोधणे आणि तोफांचा मारा दुरुस्त करणे ही त्याची कामे, म्हणजे 'कृषक'च्या वैमानिकाचीच कामे होती. अपघातांमुळे २०१५ मध्ये भूदलाने त्याची पुढील खरेदी थांबविली. उंच पर्वतराजीत लढू शकेल अशा हेलिकॉप्टरची कारगिलमध्ये जाणवलेली गरज लक्षात घेऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्सने हलके लढाऊ हेलिकॉप्टर तयार केले. मार्च २०१० मध्ये ते प्रथम उडाले आणि ३ ऑक्टोबर २०२२ रोजी 'प्रचंड' या नावाने हवाई दलात दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये अशी आणखी १५६ हेलिकॉप्टरे घेण्याचा करार झाला. त्यांपैकी ९० भूदलासाठी आणि ६६ हवाई दलासाठी आहेत.

या आकड्यांत एका जुन्या प्रश्नाचे नवे रूप दडले आहे. साहाय्य कोणाचे, आणि अधिकार कोणाचा? जुलै २०२१ मध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी हवाई दलाचा उल्लेख साहाय्यक अंग असा केला आणि हवाई दलप्रमुखांनी तो जाहीरपणे अमान्य केला. भूदलाकडे स्वतःची लढाऊ हेलिकॉप्टरे आल्यामुळे हा वाद काहीसा सौम्य होईल, अशी आशा बाळगता येते. तथापि लढाऊ विमानांचा मारा हवाई दलाकडेच राहणार आहे, आणि तोपर्यंत दोन दलांच्या सांध्यावर माणूस लागणारच आहे.

भारतीय व्यवस्थेत या माणसाचे काम मुख्यतः काही काळापुरती नेमणूक या स्वरूपात राहिले. हवाई दलातील वैमानिक भूदलाबरोबर काही काळ राहतो आणि पुन्हा आपल्या तुकडीत परततो. या पद्धतीचा एक लाभ निश्चित आहे : जमिनीवरून बोलणाऱ्याला विमानातून काय दिसते हे ठाऊक असते. परंतु त्या काळात मिळविलेले ज्ञान, पायदळाच्या अधिकाऱ्यांशी जुळलेला विश्वास, भूप्रदेशाची ओळख, हे सर्व नेमणुकीबरोबर संपते. भूदल-हवाई युद्धाचे शिक्षण देणारे विद्यालय सिकंदराबादला १९५९ मध्येच स्थापन झाले होते. तरीही सहा वर्षांनी छांबमध्ये जे घडले ते टळले नाही. शाळेत शिकविलेली पद्धती आणि सरावातून हाडीमाशी खिळलेली पद्धती यांतील अंतर त्या संध्याकाळी दिसून आले.

१९४७, १९६५, १९७१ आणि १९९९ ही चार वर्षे एका ओळीत ठेविली, तर यश आणि अपयश यांचा संबंध विमानांच्या दर्जाशी जितका आहे, त्याहून अधिक तो आधीच्या युद्धातील अनुभव किती जपला गेला याच्याशी असल्याचे दिसते. छांबचा अनुभव ताजा असताना लोंगेवाला घडले, म्हणून तेथे संथ 'कृषक'ही पुरेसे ठरले. लोंगेवाल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, अधिक सामर्थ्यवान विमाने हाती असूनही, कारगिलच्या पहिल्या तीन दिवसांत पुन्हा आरंभापासून शिकावे लागले.

बंगळुरूच्या कारखान्यांत नजर तीक्ष्ण करणारी यंत्रे यापुढेही तयार होतील, आणि ती आवश्यकच आहेत. लक्ष्य अधिक स्पष्ट दिसेल, मारा अधिक अचूक होईल. परंतु त्या लक्ष्याशेजारच्या खंदकात आपला माणूस आहे किंवा नाही, याची खात्री करून शेवटच्या क्षणी मारा थांबविण्याची जबाबदारी कोणा एका अधिकाऱ्यावर राहील. त्याला त्या कामात मुरण्याइतका काळ द्यावयाचा की दर युद्धात नवा माणूस उभा करावयाचा, हा प्रश्न लष्करी प्रशासनाचा आहे. त्याची किंमत मात्र खंदकातील सैनिक मोजत आला आहे.